दानाच्या नावावर चालणारा डाव : धर्मादाय आयुक्तांना खुले पत्र

प्रति,
मा. धर्मादाय आयुक्त,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

विषय : मदतनिधीसाठी मोबाइलवर होणाऱ्या सोडती व स्पर्धा यांचे नियमन

महोदय,

मदतनिधी उभारण्यासाठी सोडतीचा आधार घेण्याची रीत महाराष्ट्रात जुनी आहे. यवतमाळ जिल्ह्यात तिचे सर्वांच्या ओळखीचे रूप म्हणजे इनामी कूपन. पावतीपुस्तकासारखी बांधलेली कूपने, अर्धा भाग घेणाऱ्याकडे आणि अर्धा मंडळाकडे. वर दुचाकीचे चित्र, त्याखाली फ्रिज, कूलर, शिलाई मशीन, मिक्सर आणि शेवटी उत्तेजनार्थ स्टीलचे डबे. तळाशी बारीक अक्षरांत 'वाहन नोंदणी व विम्याचा खर्च विजेत्याकडे' आणि 'मंडळाचा निर्णय अंतिम राहील'. कापसाचे पैसे हातात येऊ लागण्याच्या सुमारास, नवरात्रीपासून दिवाळीपर्यंत, ही कूपने सर्वाधिक खपतात. सोडत मंडपात सगळ्यांदेखत होते आणि डब्यातली चिठ्ठी एखाद्या लहान मुलाच्या हाताने काढली जाते.

गेल्या काही वर्षांत हेच कूपन मोबाइलवर आले. व्हॉट्सअॅपच्या गटांवर एक पोस्टर फिरते. त्यावर आजारी मुलाचा फोटो, सावंगी मेघे किंवा नागपूरच्या रुग्णालयाचा उल्लेख, उपचाराच्या खर्चाचा आकडा आणि मधोमध क्यूआर कोड असतो. पैसे पाठवून त्याचा स्क्रीनशॉट गटावर टाकला की क्रमांक मिळतो. ठरलेल्या रात्री फेसबुक लाइव्ह सुरू करून मोबाइलवर एक चक्र फिरवले जाते आणि काटा ज्या क्रमांकावर थांबेल त्याला बक्षीस लागते. दुसरा प्रकार स्पर्धेचा. बीजीएमआय किंवा फ्री फायर मॅक्स या मोबाइलवरच्या खेळांचे सामने लावले जातात. चार जणांच्या स्क्वाडकडून प्रवेश फी घेतली जाते, सामन्याच्या काही मिनिटे आधी रूम आयडी आणि पासवर्ड पाठवला जातो, पहिल्या तिघांना रोख बक्षिसे मिळतात आणि उरलेली रक्कम रुग्णाच्या मदतीला जाईल असे जाहीर केले जाते.

यात पुढाकार घेणारी बहुतेक मुले मनापासून धडपडणारी असतात. रुग्णवाहिकेचे डिझेल, रक्ताच्या पिशव्या, शस्त्रक्रियेआधी भरायची अनामत यांसाठी रात्रीतून पैसे उभे करण्याचे सामर्थ्य आज या मुलांच्या मोबाइलमध्ये आहे आणि त्याची किंमत कमी लेखता येणार नाही. पण त्यांच्याच पोस्टरची हुबेहूब नक्कल करून, तोच फोटो वापरून, क्यूआर कोड तेवढा बदलून पैसे लाटणाराही त्याच गटावर असतो. या दोघांत फरक करता येईल अशी एकही अधिकृत खूण सामान्य माणसाला उपलब्ध नाही. हे पत्र त्यासाठी आहे.

कायद्यांची स्थिती अशी. महाराष्ट्र जुगार प्रतिबंधक अधिनियम १८८७ चा. वरली मटका आणि पत्त्यांचे अड्डे यांवर जिल्ह्यात पडणाऱ्या धाडी आजही याच कायद्याखाली पडतात. निव्वळ कौशल्याचे खेळ त्याच्या कलम १३ ने वगळले आहेत आणि जुगाराच्या व्याख्येतून लॉटरीही बाहेर ठेवली आहे. पैसा पुढे कोणत्या कामाला जातो, याने खेळाचा जुगारपणा कमी होत नाही.

लॉटरीसाठी १९५८ चा वेगळा राज्य कायदा आहे. परवानगीविना लॉटरी बेकायदा, हे त्याचे मूळ सूत्र. मात्र मेळावे आणि जत्रा यांच्या ओघात निघणाऱ्या छोट्या सोडती आणि एकाच संस्थेच्या सभासदांपुरत्या खासगी सोडती यांना त्यात जागा ठेवली गेली. ती जागा डोळ्यांसमोरच्या मेळाव्यासाठी होती. तिकीट तिथेच विकायचे, सोडत तिथेच काढायची आणि जमलेल्या माणसांनी ती पाहायची, असा तो हिशेब. वणीच्या पोस्टरवरचा क्यूआर कोड पुण्यात नोकरी करणारा मुलगाही स्कॅन करतो. तिथे मेळावा कोणता आणि आवार कोणते, याचे उत्तर १९५८ च्या शब्दांत सापडत नाही. पुढे १९९८ च्या केंद्रीय लॉटरी नियमन कायद्याने राज्य सरकारांच्या लॉटऱ्यांना अटी घातल्या : एकेरी अंकावर बक्षीस नाही, आठवड्यात एका लॉटरीची एकापेक्षा जास्त सोडत नाही, विक्रीचा पैसा सरकारी खात्यात. सरकारला एवढी बंधने आणि क्यूआर कोड छापणाऱ्याला एकही नाही, अशी आजची प्रत्यक्ष अवस्था आहे. विनापरवाना लॉटरीचे कार्यालय चालवणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २९७ खाली गुन्हा आहे, पण मंडळांच्या कार्यकर्त्यांपैकी किती जणांना ते ठाऊक असेल? करांचेही तसेच. १० हजार रुपयांवरच्या बक्षिसावर ३० टक्के कर लागतो आणि बक्षीस वस्तूच्या रूपात असेल तर ताबा देण्याआधी तो कर भरला गेल्याची खात्री देणाऱ्याने करायची असते. दुचाकीची किल्ली हार घालून हातात ठेवली जाते तेव्हा हा विचार कुणाच्या मनात नसतो.

न्यायालयांनी मात्र या विषयाचे टोक फार पूर्वीच पकडले होते. १९५७ मध्ये चमारबागवाला यांच्या शब्दकोडे स्पर्धेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, जुगार हा संविधानाने संरक्षण दिलेला व्यापार नव्हे. सिकंदराबादच्या क्रेसेंट रिक्रिएशन क्लबच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ मानला, पण खेळातून क्लबच नफा कमावत असेल तर गुन्हा ठरू शकतो, हेही नमूद केले. १९९५ च्या शिवानी प्रकरणात व्हिडिओ गेमच्या यंत्रांचा प्रश्न आला. यंत्रात आतून फेरफार करून खेळणाऱ्याची जिंकण्याची शक्यता कमी करता येते, म्हणून अशा खेळांवर परवान्याचे नियंत्रण योग्य ठरते, असा त्याचा आशय होता. आज फेसबुक लाइव्हवर फिरणाऱ्या चक्राला हा निकाल तंतोतंत लागू पडतो. डब्यातल्या चिठ्ठ्या सगळ्यांना दिसतात. चक्रामागचा प्रोग्राम कुणालाच दिसत नाही, आणि विजेता आधी ठरवून देण्याची सोय असलेली अशी चक्रे बनवणे अवघड नाही.

यानंतर आला केंद्राचा ऑनलाइन गेमिंग प्रोत्साहन व नियमन कायदा. २० ऑगस्ट २०२५ रोजी लोकसभेने, दुसऱ्या दिवशी राज्यसभेने तो मंजूर केला आणि २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची संमती मिळाली. कौशल्य की नशीब, हा जुना वाद या कायद्याने बाजूला सारला. पैसे किंवा पैशांच्या मोलाचे काही लावून, बदल्यात पैसे वा तत्सम लाभ मिळण्याच्या अपेक्षेने खेळला जाणारा कोणताही ऑनलाइन खेळ त्याने निषिद्ध ठरवला. असा खेळ पुरवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ कोटी रुपयांपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला २ वर्षांपर्यंत कैद आणि ५० लाखांपर्यंत दंड. खेळ पुरवणे आणि त्याचे पैसे फिरवणे हे दोन्ही गुन्हे दखलपात्र आणि अजामीनपात्र आहेत. नुसत्या खेळणाऱ्याला शिक्षा नाही.

या कायद्यात ई-क्रीडेला सूट आहे आणि गावोगावच्या आयोजकांचा भरवसा त्या सुटीवर असतो. तो भरवसा खोटा आहे, हे त्यांना कुणीतरी वेळेवर सांगायला हवे. सूट मिळण्यासाठी ती स्पर्धा राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्याखाली मान्यता असलेल्या ई-क्रीडेची हवी आणि या नव्या कायद्याखालच्या प्राधिकरणाकडे नोंदलेली हवी. शिवाय प्रवेश फी केवळ स्पर्धेतल्या प्रवेशासाठी किंवा आयोजनाचा खर्च भागवण्यासाठी असावी, असे व्याख्येतच लिहिले आहे. समजा, पंचवीस स्क्वाडकडून प्रत्येकी २०० रुपये घेतले, ५ हजार जमले, ३ हजार बक्षिसात गेले आणि २ हजार रुग्णाला दिले. हे २ हजार म्हणजे आयोजनाचा खर्च नव्हे. म्हणजे ज्या चांगल्या हेतूसाठी फी वाढवली, त्याच हेतूमुळे ती स्पर्धा सुटीच्या बाहेर पडू शकते. दारव्ह्यातल्या किंवा उमरखेडातल्या अठरा-वीस वर्षांच्या मुलाने मित्राच्या वडिलांच्या डायलिसिससाठी सामना लावावा आणि अजामीनपात्र गुन्ह्याच्या कडेवर उभे राहावे, हे कायदा करणाऱ्यांच्याही मनात नसणार. पण त्याला आधी सावध करणारा एक कागदही मराठीत निघू नये, ही खंत मोठी आहे.

आता धर्मादाय कार्यालयाच्या कक्षेतला भाग. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० चा. त्याच्या कलम ४१ क खाली, नोंदणी नसलेल्या गणेशोत्सव आणि नवरात्र मंडळांनाही वर्गणी गोळा करण्याआधी परवानगी घ्यावी लागते, हिशेब द्यावा लागतो, आणि अर्ज आता ऑनलाइन करता येतो. ही चांगली व्यवस्था आहे. यवतमाळसारख्या जिल्ह्यात, जिथे दुर्गोत्सव हा सबंध शहराचा सण असतो, तिने मंडळांना शिस्त लावली आहे. पण तिची नजर वर्गणीवर आहे. त्याच मंडळाने त्याच दिवसांत काढलेली सोडत, लावलेला सामना आणि त्यात जमलेली रक्कम कोणत्या रकान्यात लिहायची, हे स्पष्ट नाही. प्रामाणिक मंडळ ती 'इतर जमा' म्हणून दाखवते. अप्रामाणिक मंडळ दाखवतच नाही आणि दोघांनाही कुणी काही विचारत नाही. जुगार गृह विभागाकडे, लॉटरी वित्त विभागाकडे, विश्वस्त संस्था विधि व न्याय विभागाकडे आणि ऑनलाइन खेळ दिल्लीच्या मंत्रालयाकडे, अशी या एका पोस्टरची चार कार्यालयांत वाटणी झालेली आहे.

दानशूर माणसाचे नुकसान यात सर्वांत मोठे. समजा, १०० रुपयांची १ हजार कूपने विकली गेली आणि १ लाख रुपये जमले. दुचाकीला ८० हजार, इतर बक्षिसे आणि पोस्टरला १० हजार, रुग्णाला १० हजार. कूपन घेणाऱ्याची समजूत अशी की, आपण शंभर रुपये मदत केली. प्रत्यक्षात मदत झाली दहा रुपयांची. यात कुणी चोरी केलेली नसेल, तरी त्याची फसगत झालीच. हेच प्रमाण आधी छापले असते तर त्याने कदाचित कूपन न घेता पन्नास रुपये थेट दवाखान्याच्या खात्यात भरले असते आणि रुग्णाला पाचपट मिळाले असते. मदतीचे हात वाढवण्यासाठी काढलेली सोडत अशा वेळी मदतीचाच घास खाते.

परदेशांतला अनुभव या बाबतीत बोलका आहे. ब्रिटनमध्ये समाजकार्यासाठी संस्थांनी काढलेल्या लॉटरीतला किमान २० टक्के पैसा त्या कार्याकडे गेलाच पाहिजे, असा २००५ च्या जुगार कायद्याचा दंडक आहे. न्यूझीलंड आणखी पुढे गेले. तिथल्या पबमधली इलेक्ट्रॉनिक जुगारयंत्रे २००३ च्या कायद्यानुसार नफा न कमावणाऱ्या संस्थांनीच चालवायची आणि किमान ४० टक्के उत्पन्न समाजाला परत द्यायचे, असे ठरले. सगळी यंत्रे एका मध्यवर्ती इलेक्ट्रॉनिक देखरेखीला जोडली गेली. हिशेबाच्या दृष्टीने ही व्यवस्था कडेकोट आहे. तरीही तिच्यावरची मुख्य टीका कायम आहे : ही यंत्रे गरीब वस्त्यांत दाटीने आहेत, म्हणजे क्रीडासंघांना आणि संस्थांना मिळणारी देणगी गरिबांच्या हरण्यातून येते. शिवाय त्या संस्थांना या पैशाची सवय लागली की यंत्रे कमी करण्याला विरोधही त्यांच्याकडूनच होतो.

केरळने वेगळी वाट धरली. १९६७ पासून राज्याची लॉटरी चालवणाऱ्या त्या सरकारने २०११ मध्ये 'कारुण्य' या नावाची सोडत सुरू केली आणि तिचे उत्पन्न कर्करोग, हृदयरोग, मूत्रपिंडाचे आजार असलेल्या गरीब रुग्णांच्या उपचारनिधीकडे वळवले. छापील तिकीट, सरकारी सोडत, सरकारी हिशेब. महाराष्ट्राचीही स्वतःची राज्य लॉटरी १९६९ पासून आहे. तिला असा रुग्णनिधी जोडायचा का, हा विधिमंडळाचा प्रश्न आहे. पण यवतमाळच्या परिस्थितीत न्यूझीलंडचा धडा जास्त महत्त्वाचा वाटतो. कर्जाने, नापिकीने आणि आत्महत्यांनी पोळलेल्या जिल्ह्यात 'चक्री' जुगाराच्या आणि ऑनलाइन लॉटरीच्या दुकानांनी आधीच किती घरे पोखरली, हे गावागावांत माहीत आहे. त्याच चक्राला रुग्णाचा फोटो लावून ते घरात आणू देऊ नये. पैनगंगेपलीकडच्या तेलंगणाने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर २०१७ मध्येच बंदी घातली. सीमेलगतच्या वणी, झरी जामणी, केळापूर या तालुक्यांतल्या मोबाइल गटांना मात्र नदी अडवत नाही.

या सर्व पार्श्वभूमीवर धर्मादाय आयुक्तांकडे पहिली मागणी एका मराठी परिपत्रकाची आहे. कोणती सोडत चालते, कोणती चालत नाही, सामन्याची फी आणि देणगी एकत्र केल्यास काय होऊ शकते, हे त्यात मंडळाच्या कोषाध्यक्षाला समजेल अशा भाषेत लिहिलेले असावे. गृह आणि वित्त विभागांचे म्हणणे आधी घेऊनच ते काढावे. नाहीतर एका कार्यालयाने चालवून घेतलेल्या गोष्टीवर दुसऱ्याची धाड पडायची. गणेशोत्सवाच्या परवानगीचे अर्ज सुरू होण्याआधी ते प्रत्येक जिल्ह्याच्या सहायक धर्मादाय आयुक्तांकडे पोचलेले हवे.

त्या परिपत्रकात एक सरळ मार्ग दाखवून देता येईल. बक्षीस आणि देणगी यांची गाठ सोडवावी. खेळात भाग घेणे मोफत ठेवावे, बक्षिसे गावातल्या दुकानदाराने किंवा बाजार समितीतल्या अडत्याने स्वतःच्या खर्चाने द्यावीत आणि मदतीचा क्यूआर कोड वेगळा ठेवावा. देणाऱ्याने द्यावे, न देणाऱ्यानेही तितक्याच हक्काने खेळावे. पैसे लावलेच नाहीत तर २०२५ च्या कायद्यातला निषिद्ध खेळ उरत नाही आणि मुलांची हौसही मोडत नाही. जमा कमी होईल, अशी शंका आयोजक घेतील. थोडी कमी झाली तरी जे जमेल ते सगळे रुग्णाचे असेल.

कलम ४१ क च्या ऑनलाइन अर्जात एक भाग वाढवावा, ही दुसरी मागणी. मदतीसाठी खेळ, सामना किंवा सोडत होणार आहे का, पैसे कोणत्या खात्यात येणार आणि त्या खात्यावर सही कुणाची, एवढे विचारले तरी पुरे. परवानगी मिळाली की एक क्रमांक द्यावा आणि तो पोस्टरवर छापणे सक्तीचे करावे. हा क्रमांक संकेतस्थळावर टाकताच मंडळाचे नाव, मदतीचे कारण, खात्याच्या नावाची खातरजमा आणि मुदत दिसावी. नकली पोस्टर ओळखण्याची खूण ती हीच. अचानक उद्भवलेल्या आजारपणात आठवडाभर थांबणे शक्य नसते, म्हणून वैद्यकीय मदतीच्या अर्जावर दोन दिवसांत निर्णय व्हावा. हा वेग जमला नाही तर लोक परवानगीविनाच पैसे गोळा करतील, आणि तेव्हा दोष फक्त त्यांना देता येणार नाही. हिशेबही तिथेच, त्याच क्रमांकाखाली ठेवावा : किती जमले, खर्च किती, दवाखान्यात किती भरले आणि रुग्ण दगावल्यास किंवा गरजेपेक्षा जास्त जमल्यास उरलेली रक्कम कुठे गेली. या शेवटच्या प्रश्नावरून गावात वर्षानुवर्षे अबोला धरला जातो, म्हणून त्याचे उत्तर पैसे गोळा करण्याआधी लिहून घेणे बरे. रुग्णाचा फोटो आणि आजाराचा तपशील त्याच्या किंवा पालकांच्या लेखी संमतीशिवाय वापरता येऊ नये आणि काम संपल्यावर तो काढून टाकण्याची जबाबदारी अर्जदारावर असावी.

मेळाव्यातल्या छोट्या सोडतींना कायद्याने दिलेली मुभा मोडून काढू नये. घाटंजीच्या शाळेत पालकमेळाव्यात पुस्तकांच्या बक्षिसाची सोडत निघाली तर तिने कुणाचे घर बुडत नाही. पण तिथेही एकूण जमेतला किती हिस्सा कामाला जाणार ते कूपनावर ठळक छापलेले असावे आणि निम्म्याहून कमी जाणार असेल तर 'मदतीसाठी' हा शब्द वापरायला मनाई असावी. मोबाइलवरच्या चक्राने सोडत काढणे पूर्ण बंद करावे. चिठ्ठ्यांचा डबा पुरेसा आहे. अठरा वर्षांखालच्या मुलांकडून पैसे घेऊन त्यांना खेळवणाऱ्या स्पर्धेला मदतीचे कोणतेही कारण दाखवून परवानगी मिळू नये. खेळणाऱ्यांत शाळकरी मुलेच निम्मी असतात, हे आयोजकांनाही दिसते.

शेवटची मागणी पोलिसांशी समन्वयाची. खोट्या मदतीच्या तक्रारी आज १९३० या सायबर मदतवाहिनीवर जातात आणि तिथे त्या आर्थिक फसवणुकीच्या ढिगात मिसळतात. अशा तक्रारीची एक प्रत सहायक धर्मादाय आयुक्तांकडे आपोआप यावी, आणि परवानगी घेऊन काम करणाऱ्या मंडळाविरुद्ध कुणी आकसाने तक्रार केली तर खाते गोठवण्याआधी पोलिसांनी त्या कार्यालयाकडे विचारणा करावी. उपचार चालू असताना गोठलेल्या खात्याची झळ रुग्णाला बसते. यासाठी जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक आणि सहायक धर्मादाय आयुक्त यांची एक बैठक दरवर्षी पोळ्याच्या आसपास, उत्सवांचा हंगाम सुरू होण्यापूर्वी व्हावी आणि तिला मंडळांचे प्रतिनिधीही बोलावले जावेत. यवतमाळ जिल्ह्यापासून याची सुरुवात करता येईल. परिपत्रक, अर्जातला वाढीव भाग आणि ही बैठक, यांपैकी कशासाठीही नव्या कायद्याची वाट पाहावी लागणार नाही.

कळावे,

आपला विश्वासू,
यवतमाळ जिल्ह्यातील एक नागरिक

प्रत माहितीसाठी :
मा. जिल्हाधिकारी, यवतमाळ
मा. पोलीस अधीक्षक, यवतमाळ
जिल्ह्यातील सर्व गणेशोत्सव व दुर्गोत्सव मंडळे